घाटात तरलं, तळावर बुडालं : वारीतल्या फिरत्या वायरलेस जाळ्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर अनेक सेवा संस्था चालतात. त्यातल्याच एका छोट्या वैद्यकीय पथकाची ही हकीकत. संस्थेचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण त्यांच्याकडून फारसं काही चुकलं नाही. चुकलं ते जाळ्याचं काम अंगावर घेतलेल्या आम्हा तिघांकडून.

पथकाकडे चार रुग्णवाहिका, औषधांचे दोन टेम्पो, एक पाण्याचा टँकर आणि एक स्वयंपाकाचा ट्रक. शिवाय सहा कार्यकर्ते पाठीवर सॅक घेऊन दिंड्यांमधून चालत होते. त्यांच्या सॅकमध्ये मलमपट्टी, ओआरएसची पाकिटं, रक्तातली साखर मोजायचं यंत्र. कुणाला घेरी आली की सॅकवाला जवळच्या रुग्णवाहिकेला कळवणार, गाडी वाट काढत येणार, अशी रीत.

अडचण मोबाइलची. ज्या गावात एरवी काही हजार माणसं राहतात तिथं एका रात्रीसाठी लाखांचा तळ पडतो. कंपन्या फिरते टॉवर आणून उभे करतात, तरी संध्याकाळी फोन लागला तर नशीब. म्हणून पथकाने ठरवलं की आपल्यापुरतं स्वतःचं जाळं असावं. टॉवर नाही, मधला एक्स्चेंज नाही; प्रत्येक गाडी आणि प्रत्येक सॅक हीच एक गाठ, आणि निरोप एका गाठीवरून दुसरीवर उड्या मारत जाणार. अशा जाळ्यांना मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर पॅकेट रेडिओचे प्रयोग १९७३ पासून चालले होते, आणि इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये या विषयाचा स्वतंत्र गट १९९७ मध्ये स्थापन झाला.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, वॉकीटॉकी. बिनपरवान्याचे ४४६ मेगाहर्ट्झचे हातातले संच कमी ताकदीचे असतात. मोठ्या संचांना परवाना लागतो आणि वारी तोंडावर आली होती. शिवाय आवाजात पत्ता सांगणं वारीत कठीण. टाळ-मृदंगाच्या शेजारी उभं राहून दिंडी क्रमांक ओरडून पाहा, म्हणजे कळेल.

दुसरा, ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारं लोरा नावाचं रेडिओ तंत्र. पट्टा विनापरवाना, पल्ला मोठा, बॅटरी दिवसेंदिवस पुरते. पण फक्त मजकूर जातो, आणि डॉक्टरांचा हट्ट होता की वारकऱ्याकडच्या जुन्या चिठ्ठीचा, औषधाच्या पट्टीचा फोटो पाठवता आला पाहिजे.

तिसरा, वायफायचंच जाळं. साधे राउटर, त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली, त्यावर बॅटमॅन नावाचा मार्गनिवडीचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमांचा संच. नाव गमतीचं वाटलं तरी तो बर्लिनच्या हौशी जाळेवाल्यांनी घडवला आहे आणि २०११ पासून लिनक्सच्या गाभ्यातच येतो. आम्ही हा घेतला. एकूण १४ गाठी : आठ गाड्यांवर, सहा सॅकमध्ये. सगळं २.४ गिगाहर्ट्झवर, एकाच चॅनलवर.

सॅकमधल्या राउटरच्या पेट्यांचा एक किस्सा इथेच सांगून टाकतो. माणसाच्या अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी खातं. गर्दीत कमरेच्या उंचीवर अँटेना असली तर पल्ला पार आखडतो. आमच्यातल्या एकाने सुचवलं, पताकेच्या काठीला वर बांधू. पताकाधारी आजोबांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "माउली, ही काठी तुमच्या कामाची न्हाई." विषय संपला. मग सॅकला वेगळी बांबूची काठी लावली, टोकाला अँटेना. ती दिसायला विचित्र होती, पण पोरं हरवली की लोक "काठीवाल्या डॉक्टरापाशी थांबा" असं सांगू लागले, हा वरचा फायदा.

स्वयंचलित व्यवस्थापन कशासाठी

अशा जाळ्यात प्रत्येक गाठ ठरावीक वेळाने हाळी देते : "मी अमुक, मी आहे." शेजारी ती ऐकतात आणि पुढे पोचवतात. कुणाच्या किती हाळ्या ऐकू आल्या यावरून चांगला मार्ग कोणता ते ठरतं. बॅटमॅनमध्ये ही हाळी मुळात दर सेकंदाला एक असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओएलएसआर या प्रोटोकॉलमध्ये शेजाऱ्यांसाठीची हाळी दोन सेकंदांनी आणि सगळ्या जाळ्याला नकाशा कळवणारा निरोप पाच सेकंदांनी, असे आकडे आहेत.

आकडा कोणताही घ्या, तो कधीतरी चुकीचाच असतो. माणसं भराभर हलत असतील तर हाळ्या दाट हव्यात, नाहीतर जाळं जुन्या नकाशावर चालत राहतं. सगळे बसलेले असतील तर दाट हाळ्या म्हणजे नुसता गोंगाट. आणि वारीत दोन्ही अवस्था एकाच दिवसात येतात. शिवाय चॅनल कोणता, प्रसारणाची ताकद किती, कुठल्या सॅकची बॅटरी संपत आली, हे सगळं चालता चालता कोण बघणार? संगणकप्रणालीने स्वतःचं स्वतः सांभाळावं ही कल्पना आयबीएमने २००१ मध्ये पुढे आणली होती. निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमल असं तिचं चक्र. तेच चक्र आम्ही शंभर-दीडशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये, बसवलं.

स्क्रिप्ट एका रुग्णवाहिकेतल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालायची. दर १० सेकंदांनी ती सगळ्या १४ गाठींकडून हालहवाल मागवायची : शेजारी किती, निरोप किती हरवले, बॅटरी किती. मग हुकूम सोडायची. मुख्य नियम असा : निरोप हरवू लागले तर माणसं हलत आहेत असं समज आणि हाळी दाट कर. किमान मर्यादा पाव सेकंद. दुसरा नियम : तरीही सुधारलं नाही तर चॅनल बदल.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर सहा पेट्या घेऊन दोन संध्याकाळ चाचणी केली. पोरं मैदानभर पळाली, पेट्या लांब गेल्या, जवळ आल्या, स्क्रिप्टने बरोब्बर हाळ्या दाट-विरळ केल्या. आम्ही खूश.

काय घडलं

दिवे घाटाचा दिवस. पुण्याचा दोन रात्रींचा मुक्काम आटोपून पालखी सासवडकडे निघते तेव्हा हा घाट चढावा लागतो. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात, रस्ता वळणं घेत वर जातो आणि डोंगराची कड मध्ये आली की खालची गाडी वरच्या गाडीला दिसत नाही. जाळ्यासाठी याहून वाईट जागा नाही. आणि आमची स्क्रिप्ट तिथं अप्रतिम चालली. हाळी अर्ध्या सेकंदावर आणली, वळणावर मार्ग तुटला की काही क्षणांत दुसऱ्या गाडीवरून जोडला. दुपारी एका आजोबांच्या औषधाच्या पट्टीचा फोटो पाच उड्या मारून वरच्या गाडीतल्या डॉक्टरांपर्यंत गेला. आमच्या गटातल्या एकाने तेव्हाच घरी फोन करून फुशारकी मारली. त्या दिवशी घाटात मोबाइललाही थोडी रेंज होती, हे तो सांगायला विसरला.

संध्याकाळी सासवडचा तळ. गाड्या आल्या, मोकळ्या रानात ओळीने लागल्या. सॅकवाले राहुट्यांमधून फिरू लागले. चौदाही पेट्या आता काहीशे मीटरच्या आत. आम्हाला वाटलं, आता तर काय, सगळे एकमेकांना थेट ऐकू येतात, जाळं निवांत चालेल.

साडेसातच्या सुमाराला पहिली तक्रार आली. सॅक क्रमांक चारची मुलगी धापा टाकत गाडीपाशी आली. "माउली, अर्धा तास झाला, माझा मेसेज 'पाठवत आहे' एवढंच दाखवतोय." एका राहुटीत आजींची साखर उतरली होती. तिने ग्लुकोज दिलं, निरोप टाकला, वाट पाहिली, शेवटी शेजारच्या राहुटीतल्या माणसाला आजींपाशी बसवून स्वतः पळत आली. गाडी गेली. आजी तोवर दोन कप गोड चहा पिऊन गप्पा मारत बसल्या होत्या. तिचा निरोप गाडीतल्या संगणकाच्या पडद्यावर उमटला तो त्यानंतर आठ-दहा मिनिटांनी.

मी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं तर हाळीचं अंतर पाव सेकंदावर टेकलेलं. निरोप हरवण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर. आणि १४ पैकी पाच गाठी नकाशावरून गायब.

बिघाड नेमका कुठे होता

हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

हाळी ही सर्वांसाठी असते. वायफायमध्ये सर्वांसाठीचा निरोप सगळ्यात सावकाश वेगाने जातो, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर बहुधा सेकंदाला दहा लाख बिट. शंभर बाइटांची हाळी धरली तर तिला हवेत सुमारे एक मिलिसेकंद लागतो. आता प्रत्येक गाठीची हाळी बाकीच्या गाठी पुन्हा उच्चारतात. म्हणजे १४ गाठी, प्रत्येकीची हाळी १४ तोंडांतून : एका फेरीत १९६ उच्चार.

घाटात जाळं साखळीसारखं ताणलेलं होतं. कुठल्याही गाठीला आपल्याखेरीज दोन-तीन शेजारीच ऐकू येत. अर्ध्या सेकंदाच्या हाळीतही एका जागी सेकंदाला शंभरएक उच्चार, म्हणजे हवेचा जेमतेम दहावा हिस्सा. बाकी जागा निरोपांना मोकळी.

तळावर सगळ्यांना सगळे ऐकू येतात. १९६ उच्चार, सेकंदाला चार फेऱ्या : ७८४ मिलिसेकंद. हाळ्या एकत्र बांधून पाठवायची सोय बॅटमॅनमध्ये आहे, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून कमी असणार, पण त्यावर प्रत्येक वारकऱ्याच्या खिशातल्या फोनचं वायफाय, हॉटस्पॉट, शेजारच्या संस्थांचे राउटर. हवा भरून गेली. हाळ्या एकमेकींवर आदळू लागल्या, निरोप हरवू लागले. स्क्रिप्टला काय दिसलं? निरोप हरवत आहेत. तिला शिकवलेलं काय? हरवले म्हणजे माणसं हलत आहेत, हाळी दाट कर. तिने दाट केली. आणखी हरवले. तिने आणखी दाट केली.

इथे इंटरनेटच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या अवघ्या चारशे यार्डांच्या मार्गावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. वाट तुंबली की सगळे पुन्हा पुन्हा पाठवत आणि वाट आणखी तुंबे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात त्यावर इलाज मांडला : निरोप हरवला तर तुंबलं आहे असं समजा आणि हात आखडा. पुढे वायरलेसवाल्यांनी वर्षानुवर्षं तक्रार केली की आमच्याकडे निरोप तुंबण्यामुळेच हरवतो असं नाही. ती तक्रार आम्ही इतकी वाचली होती की उलट्या टोकाला गेलो. आमच्या स्क्रिप्टच्या लेखी तुंबणं ही गोष्टच नव्हती.

आता पाच गाठी गायब कशा झाल्या ते. दाट हाळीने सुधारेना म्हणून स्क्रिप्टने दुसरा नियम वापरला आणि चॅनल ६ सोडून ११ वर जायचा हुकूम काढला. पण हुकूम जाणार कुठून? त्याच तुंबलेल्या जाळ्यातून. नऊ गाठींना तो मिळाला, पाच जणींना नाही. नऊ जणी ११ वर गेल्या, पाच जणी ६ वर राहिल्या, जाळ्याचे दोन तुकडे. सॅक चार त्या पाचांतली. आणि स्क्रिप्टला वाटलं की पाच गाठी दूर निघून गेल्या, म्हणून तिने उरलेल्यांची प्रसारणाची ताकद वाढवली.

हे कळल्यावर आम्ही तिघं बराच वेळ हसत होतो. हसू जरा कडवट होतं.

पहिला निर्णय : यंत्र बंद

रात्री दहाला राहुटीत बैठक. सेवाप्रमुख निवृत्त कंपाउंडर, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी एकच विचारलं, "परवा सकाळी चारला निघायचंय. तुमचं हे चालणार का नाही, एवढं सांगा."

सासवडला दोन रात्री मुक्काम होता, म्हणजे हातात एक दिवस होता. समोर तीन वाटा. एक, स्क्रिप्टमधले आकडे बदलून तीच चालवायची. दोन, ५ गिगाहर्ट्झवर जायचं. तिथले बरेच पट्टे २०१८ पासून विनापरवाना आहेत आणि गर्दी कमी, पण आमच्या निम्म्या पेट्यांत तो रेडिओच नव्हता. तीन, स्वयंचलित सगळं बंद करायचं, एक चॅनल, दोन सेकंदांची हाळी, आणि कुणी हात लावायचा नाही.

मी पहिल्या वाटेच्या बाजूने होतो. नाना म्हणाले, "अरे, ज्या औषधाने त्रास झाला त्याचा डोस बदलून लगेच पुन्हा देतो का आपण? आधी थांबवतो." तिसरी वाट घेतली. एकेका पेटीपाशी जाऊन हाताने चॅनल १ लावला. रात्रीचा दीड वाजला. तळावर जाळं सुरळीत चाललं. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

पण जेजुरीच्या वाटेवर त्याची दुसरी बाजू दिसली. बॅटमॅन शेजाऱ्याची प्रत ठरवताना त्याच्या मागच्या ६४ हाळ्यांचा हिशोब धरतो. दोन सेकंदांना एक हाळी, म्हणजे १२८ सेकंदांची आठवण. चालणारा माणूस तेवढ्यात दीडशे मीटर पुढे गेलेला असतो. रस्त्याकडेला उभी रुग्णवाहिका सॅकवाल्याच्या मागे पडायची, आणि जाळं तरीही दोन मिनिटं तिच्याकडेच निरोप ढकलत राहायचं. स्थिर आकडा तळावर चालला, वाटेवर नाही. म्हणजे काहीतरी आपोआप बदलणारं हवंच होतं.

समाजआरती

जेजुरीच्या तळावर नानांनी मला समाजआरतीला नेलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : पालखी तळावर विसावली की भोवती दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि तो सगळा नाद थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, मग तेही टाळ थांबतात.

आरती झाल्यावर परतताना नाना सहज म्हणाले, "तुमचं ते डबडं दर दहा सेकंदांना चौदा जणांना विचारत बसतं ना, बरे आहात का म्हणून? इथं कुणी विचारत नाही. ज्याचं दुखतं तो वाजवतो."

हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहिलं आणि खाली नवीन आराखडा सुरू केला. अर्थात एक मेख होती. गप्प दिंडी ठीक आहे हे चोपदारांना डोळ्यांनी दिसतं. गप्प पेटी ठीक आहे की बॅटरी संपून पडली आहे, हे कसं कळावं? तर हाळ्या चालूच असतात, त्याच हजेरी. हालहवाल वेगळी मागवायची गरज नाही.

दुसरा निर्णय : काय आपोआप, काय हाताने

वाल्ह्याच्या मुक्कामी आणि नीरा स्नान होऊन लोणंदला पोचेपर्यंत नवीन स्क्रिप्ट लिहिली. बदल असे.

मधला हुकूम देणारा काढून टाकला. हाळी किती दाट, हे प्रत्येक गाठ स्वतःपुरतं ठरवणार. त्यासाठी ती दोन गोष्टी पाहणार : चॅनल किती टक्के वेळ व्यापलेला आहे (हा आकडा लिनक्समध्ये वायफाय चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम देतो, आम्ही आधी कधी वाचलाच नव्हता), आणि गेल्या मिनिटात शेजारी किती बदलले. हवा निम्म्याहून जास्त वेळ व्यापलेली असेल तर हाळीचं अंतर लगेच दुप्पट, जास्तीत जास्त पाच सेकंदांपर्यंत. हवा मोकळी, पण शेजारी बदलत आहेत, तर अंतर पाव सेकंदाने कमी, आणि मग एक मिनिट थांबायचं. किमान मर्यादा अर्धा सेकंद. मधल्या पट्ट्यात काहीच करायचं नाही. विरळ व्हायला घाई, दाट व्हायला संथपणा. सगळ्या गाठी एकाच क्षणी शहाण्या होऊ नयेत म्हणून प्रत्येकीच्या निर्णयाच्या वेळेत थोडा फरक.

चॅनल बदलणं स्क्रिप्टच्या हातातून काढलं. बदलायचाच तर माणूस ठरवणार, वेळ आधी सांगणार, आणि बदलल्यावर ९० सेकंदांत एकही शेजारी ऐकू आला नाही तर पेटी आपोआप चॅनल १ वर घरी परतणार. ही घरी परतायची सोय पहिल्या दिवशी असती तरी सासवडला जाळ्याचे दोन तुकडे तेवढ्याने जुळले नसते. नऊ जणींना शेजारी ऐकू येत होते, त्या परतल्या नसत्या. म्हणून "निम्म्याहून कमी शेजारी" अशी अट असावी का यावर आमचा वाद झाला. मी म्हणत होतो असावी, बाकी दोघं म्हणत होते की मग तळावरून अर्धी मंडळी पुढे निघाली की उरलेल्या पेट्या उगाच उड्या मारतील. ते दोघे बरोबर होते. अट टाकली नाही, त्याऐवजी चॅनल बदलणंच दुर्मिळ केलं.

आणि एक बटण. नानांच्या गाडीतल्या फोनवर तीन खुणा : चाल, विसावा, तळ. नाना जे डोळ्यांनी पाहत होते ते जाळ्याला सांगायचं साधन. "तळ" दाबलं की हाळी दोन सेकंदांच्या खाली कुणी आणायची नाही. "चाल" म्हटलं की दोनच्या वर न्यायची नाही, मात्र हवा तुंबली तर तो नियम वरचढ. पहिल्या दिवशी हे सुचलं नाही कारण सगळं आपोआप व्हावं असा आमचा बाणा होता. दुपारचा विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे छापील वेळापत्रकात महिनाभर आधी असतं, आणि आम्ही ते सेन्सरवरून ओळखायला निघालो होतो.

पुढे काय झालं

लोणंदच्या तळावर जाळं टिकलं. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं तेव्हा गर्दी इतकी दाटली की दोन सॅक पूर्ण तुटल्या, पण गर्दी पांगताच स्वतःहून जोडल्या गेल्या. तरडगाव, फलटण, बरड : निरोप काही सेकंदांत पोचत होते, फोटोंना कधीकधी मिनिट लागायचं.

एक दिवस मात्र सकाळपासून सगळं मंद होतं. आम्ही स्क्रिप्ट तपासली, पेट्या तपासल्या. दुपारी विसाव्याला नानांच्या फोनकडे पाहिलं तर बटण अजून "तळ"वरच. पहाटे गडबडीत दाबायचं राहून गेलं होतं. नाना ओशाळले. खरं तर चूक आमची. माणसाच्या खुणेला मुदत घालायला हवी होती. त्याच दुपारी सहा तासांची मुदत घातली : खूण जुनी झाली की जाळं तिचा विचार सोडून स्वतःच्या निरीक्षणावर चालणार.

पंढरपूरला पोचेपर्यंत सहापैकी चार सॅक चालू होत्या. एक पावसाने गेली, एकीच्या पॉवर बँकेची तार उंदराने कुरतडली.

आता केलं तर वेगळं काय करू

सासवडच्या त्या संध्याकाळची नोंद आमच्याकडे नाही. राउटर नोंदी मेमरीत ठेवतात, आणि आम्ही रात्री प्रत्येक पेटी बंद करून चालू केली तेव्हा त्या पुसल्या गेल्या. वर दिलेलं विश्लेषण मुख्यतः पडद्याचे मोबाइलवर काढलेले चार फोटो आणि नंतरची आकडेमोड यांवर उभं आहे. पाच रुपयांच्या वहीत कुणी दर अर्ध्या तासाला दोन ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं.

स्क्रिप्टला पहिले दोन दिवस नुसतं बोलू द्यायला हवं होतं, करू द्यायला नको. "मी असतो तर आता हाळी पाव सेकंदावर आणली असती" असं तिने पडद्यावर लिहायचं आणि आम्ही वाचायचं. सासवडला ते वाक्य दिसलं असतं तर कुणीतरी नक्की विचारलं असतं की सगळे बसलेले असताना ही कशाला घाई करते आहे?

व्यवस्थापनाचे हुकूम वेगळ्या वाटेने जायला हवेत. लोरा आम्ही मजकुरापुरता म्हणून नाकारला, पण "चॅनल १ वर या" हा मजकूरच आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक गाडीत लोराची एक छोटी पेटी फक्त यासाठी ठेवली. डॉक्टरांच्या फोटोंबद्दल हिशोब काढला तर अख्ख्या वारीत फोटो पन्नासच्या आत निघाले, आणि त्यातले काही जेवणाचे होते. सगळं जाळं लोरावर नेता आलं असतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

आणि चाचणी. मैदानावर सहा पेट्या घेऊन पळण्यात आम्ही लांबी तपासली, दाटी तपासलीच नाही. पुढच्या वारीआधी एका मंगल कार्यालयाचा हॉल एका दुपारपुरता मागून घेतला. जेवणाच्या दोन टेबलांवर चौदा पेट्या शेजारी शेजारी मांडल्या, वर प्रत्येकाने आपापल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, आणि आधी मुद्दाम जुनीच स्क्रिप्ट सुरू केली. कुणी जागचं हललं नव्हतं. चौथ्या मिनिटाला पडद्यावर हाळी पाव सेकंदावर आली, सहाव्या मिनिटाला चॅनल बदलला, आणि टेबलावरच्या चौदांपैकी सहा पेट्या "दूर गेल्या".